राज्यशास्त्राची पदवी, मिळकत आणि कर्ज : घरच्या वहीत हिशेब कसा मांडावा

राज्यशास्त्रात बी.ए. किंवा एम.ए. करू इच्छिणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या घरी पैशाचा विषय निघतो, तेव्हा बोलणे बहुधा महाविद्यालयाच्या शुल्कावर येऊन थांबते. महाराष्ट्रातल्या अनुदानित महाविद्यालयात हे शुल्क वर्षाला काही हजारांच्या घरात असते, अनेकांना महाडीबीटीवरून शिष्यवृत्ती मिळते आणि 'या पदवीला असा खर्च तो काय' असे म्हणून विषय मिटतो. माझ्या मते खरा हिशेब तिथून पुढे सुरू होतो. राज्यशास्त्राच्या पदवीधराच्या डोक्यावरचे कर्ज बहुतेक वेळा पदवीमुळे होत नाही. पदवी आणि पहिला नियमित पगार यांच्यामधल्या वर्षांत ते होते आणि बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या खात्यात त्याची नोंदही नसते. आईच्या सोनेतारणात, गावच्या पतसंस्थेत, पीककर्जातून बाजूला काढलेल्या रकमेत किंवा मामाकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांत ते विखुरलेले असते, आणि विखुरलेले असल्यामुळेच त्याची बेरीज कधी कोणी करत नाही.

ही बेरीज आधी कशी करावी, मिळकतीचा अंदाज कुठून घ्यावा आणि बँकेचे कर्ज काढायचेच झाले तर किती काढावे, हे या मार्गदर्शकात सांगितले आहे. विषय घेऊ नका असे सांगण्याचा माझा हेतू नाही. राज्यघटना, निवडणुका, पक्ष, आंतरराष्ट्रीय संबंध यांचा अभ्यास करावासा वाटणे ही चांगली गोष्ट आहे, आणि ज्याला तो मनापासून करायचा आहे त्याची पुढची दहा वर्षे हप्त्यांच्या तारखा मोजण्यात जाऊ नयेत एवढीच इच्छा आहे.

मिळकतीचा अंदाज कुठून घ्यावा

अमेरिकेत केंद्रीय शिक्षण खात्याचे कॉलेज स्कोअरकार्ड नावाचे संकेतस्थळ आहे. तिथे एखाद्या विद्यापीठातून राज्यशास्त्राची पदवी घेतलेल्यांची काही वर्षांनंतरची मध्यक मिळकत (म्हणजे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारी मिळकत) किती आणि पदवी घेताना त्यांच्यावर कर्ज किती होते, हे विषयवार पाहता येते. आपल्याकडे विषयवार अशी सरकारी नोंद नाही. त्यामुळे जाहिरातीतले 'सर्वोच्च पॅकेज' पाहून अंदाज बांधले जातात, आणि एका विद्यार्थ्याला मिळालेला आकडा उरलेल्या सगळ्यांच्या आशेचा आधार होतो.

तरीही एक कागद हाताशी आहे आणि तो फार थोडे लोक उघडतात. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये, भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्या पीडीएफमध्ये तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमासाठी एक तक्ता असतो. किती जणांना प्रवेश दिला, किती जण ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, नोकरी लागलेल्यांचा मध्यक वार्षिक पगार किती आणि किती जण पुढच्या शिक्षणाला गेले, असे त्याचे रकाने असतात. हा तक्ता वाचताना मध्यक पगाराचा रकाना शेवटी पाहावा. आधी उत्तीर्ण झालेल्यांच्या संख्येतून नोकरी लागलेले आणि पुढे शिकायला गेलेले वजा करावेत, म्हणजे ज्यांचे काय झाले ते संस्थेला ठाऊक नाही किंवा सांगायचे नाही असे विद्यार्थी किती ते कळते. मध्यक पगार फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो आणि त्यात सगळ्या विषयांचे विद्यार्थी एकत्र धरलेले असतात, त्यामुळे वाणिज्य किंवा संगणकाच्या मुलांमुळे वर गेलेला आकडा राज्यशास्त्राच्या मुलाने स्वतःचा समजू नये. प्रवेश घेण्यापूर्वी विभागप्रमुखांना भेटून मागच्या तीन तुकड्यांतले किती जण आज कुठे आहेत, असे सरळ विचारावे. ज्या विभागाला आपल्या माजी विद्यार्थ्यांचा ठावठिकाणा माहीत असतो, तिथे शिकवणेही बहुधा आस्थेचे असते.

दुसरा भरवशाचा आधार म्हणजे शासनाने ठरवून दिलेले वेतन, कारण या विषयाचे बरेच पदवीधर शेवटी शासकीय किंवा शैक्षणिक सेवेकडेच वळतात. राज्याच्या सातव्या वेतन आयोगानुसार लिपिक-टंकलेखकाचे मूळ वेतन १९,९०० रुपयांपासून, तलाठ्याचे २५,५०० पासून, तर सहायक कक्ष अधिकारी, राज्यकर निरीक्षक आणि पोलीस उपनिरीक्षक यांचे ३८,६०० पासून सुरू होते. उपजिल्हाधिकाऱ्याचे ५६,१०० पासून सुरू होते. महाविद्यालयात नियमित सहायक प्राध्यापक झाल्यास आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये असते. महागाई भत्ता व घरभाडे भत्ता यांवर वेगळा मिळतो.

हे आकडे खरे असले तरी हिशेबाच्या वहीत सुरुवातीला लिहायचे ते हे नव्हेत. कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायचे तर एम.ए. आणि बी.एड. लागते, आणि नेमणूक झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून २०,००० रुपये मानधन मिळते. २०२३ पूर्वी तेच ९,००० होते. वरिष्ठ महाविद्यालयात नेट किंवा सेट या प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कितीतरी जणांच्या वाट्याला येते ते तासिका तत्त्वावरचे काम. तासाला ९०० रुपये आणि आठवड्याला ९ तास धरले, तर महिन्याचे ३२,४०० होतात आणि आकडा बरा दिसतो. पण काम वर्षातले नऊ महिनेच आहे असे धरा, म्हणजे वर्षाचे २,९१,६०० आणि बारा महिन्यांवर वाटले तर २४,३०० रुपये उरतात. शिवाय ही रक्कम महिन्याच्या महिन्याला न येता बरेचदा उशिरा आणि एकगठ्ठा येते. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच कापला जातो, आणि खात्यात पैसे नसले की दंड वेगळा.

कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळाली तर चित्र बरेच बदलते. १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. पीएच.डी. करायची इच्छा असेल तर नुसते नेट उत्तीर्ण होणे आणि जेआरएफसह उत्तीर्ण होणे यांतला फरक परीक्षेत थोड्या गुणांचा आणि घरात लाखांचा असतो, म्हणून तयारीला आणखी सहा महिने द्यावे लागले तरी ते द्यावेत असे माझे मत आहे. चार वर्षांची ऑनर्स पदवी ७५ टक्के गुणांनी पूर्ण करणाऱ्याला आता थेट नेट देता येते आणि पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. ज्याला संशोधनातच जायचे आहे त्याने चौथ्या वर्षाचा विचार याच दृष्टीने करावा.

वृत्तपत्रे, सर्वेक्षण संस्था, स्वयंसेवी संस्था, निवडणूक व्यवस्थापनाच्या कंपन्या आणि लोकप्रतिनिधींची कार्यालये इथेही काम मिळते. पगारात मोठी तफावत असते आणि निवडणुकीचा हंगाम सरला की काही कामे संपतात, म्हणून ही मिळकत वहीत सहा महिन्यांचीच धरावी. संसद सदस्यांबरोबर काम करण्याची पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चची लॅम्प फेलोशिप आणि महाराष्ट्र शासनाची मुख्यमंत्री फेलोशिप या दोन्हींचा अर्ज मात्र अवश्य करावा. दोन्हींची मुदत वर्षाच्या आसपासची असते, पण पुढच्या कामाची दारे त्यातून उघडतात.

किती कर्ज झेपेल ते उलट्या बाजूने काढा

कर्ज ठरवताना सहसा शुल्कापासून सुरुवात होते. शुल्क इतके, म्हणून कर्ज इतके. ही रीत उलटी करावी. पहिल्या दोन-तीन वर्षांत हाती येईल अशी जी सर्वांत कमी रक्कम तुम्हाला खात्रीची वाटते ती लिहावी, तिचे १५ टक्के काढावेत आणि तेवढाच हप्ता झेपेल असे मानून मागे यावे. इंजिनिअरला २५ किंवा ३० टक्केही चालतील, कारण त्याचा पगार लवकर वाढण्याची शक्यता असते. राज्यशास्त्राच्या पदवीधराची सुरुवातीची वर्षे अस्थिर असतात, म्हणून मी १५ टक्क्यांच्या पुढे जाऊ देणार नाही.

शिक्षणसेवकाचे मानधन घेऊन पाहू. २०,००० चे १५ टक्के म्हणजे ३,००० रुपये. दहा टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे तर एक लाखाला महिना सुमारे १,३२२ रुपये हप्ता बसतो. त्या हिशेबाने ३,००० रुपयांत सुमारे २ लाख २७ हजारांचे कर्ज फिटते. पण हे कर्ज परतफेड सुरू होताना असलेले आहे. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसला तरी व्याज चढतच असते. तीन वर्षांच्या पदवीत दरवर्षी सारखी रक्कम उचलली, तर परतफेड सुरू होईपर्यंत सरळव्याजानेच मूळ रक्कम ३० टक्क्यांनी फुगते. म्हणून आज मंजूर करून घ्यायचे कर्ज पावणेदोन लाखांच्या आतलेच हवे.

आता याउलट एखाद्या खासगी विद्यापीठातल्या पदवीसाठी दरवर्षी २ लाख, असे एकूण ६ लाख घेतले असे समजा. पहिल्या २ लाखांवर चार वर्षांचे ८०,००० व्याज, दुसऱ्यावर तीन वर्षांचे ६०,००० आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे ४०,०००. हप्ता सुरू होण्याच्या दिवशी कर्ज ७ लाख ८० हजार झालेले असते. दहा वर्षांसाठी हप्ता सुमारे १०,३०० रुपये येतो, म्हणजे शिक्षणसेवकाच्या मानधनाच्या निम्म्याहून जास्त. मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता ८,४०० च्या आसपास उतरतो, पण एकूण परतफेड १२ लाख ३७ हजारांवरून १५ लाखांवर जाते. शाखेत बसलेले अधिकारी बहुधा हप्त्याचाच आकडा सांगतात. एकूण परतफेडीचा आकडा आपण विचारावा आणि तो कागदावर लिहून घ्यावा.

घरच्यांना शक्य असेल तर शिकण्याच्या काळातच व्याज भरत राहावे. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी महिना १,६६७, दुसऱ्या वर्षी ३,३३३ आणि त्यापुढे ५,००० रुपये भरले, तर कर्ज ६ लाखांवरच थांबते आणि दहा वर्षांचा हप्ता ७,९०० च्या आसपास बसतो. असे व्याज वेळेवर भरणाऱ्याला एक टक्क्यापर्यंत सवलत देण्याची तरतूद बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत आहे. ती आपोआप लागू होईल असे धरून बसू नये, मंजुरीपत्रात तसा उल्लेख आहे का ते पाहावे.

बँकेत जाण्यापूर्वी

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही आणि स्वतःचा वाटाही भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी निधीचे पाठबळ असते, त्याहून अधिक रकमेला तारण मागितले जाते. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. त्यामुळे हप्ता थकला तर सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, नोंद दोघांचीही बिघडते आणि उद्या धाकट्या भावंडासाठी कर्ज काढताना ती आडवी येते, हे सही करण्यापूर्वी दोघांनीही समजून घ्यावे.

व्याज सवलतीच्या बाबतीत कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा गैरसमज होतो. वार्षिक साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना शिक्षणाच्या काळातले संपूर्ण व्याज केंद्र सरकार देते, ही योजना खरी आहे, पण ती व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बी.ए. किंवा एम.ए. राज्यशास्त्राला ती लागू होईल असे समजून कर्ज घेऊ नये. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना मात्र उपयोगाची ठरू शकते, कारण तिथे निकष अभ्यासक्रमापेक्षा संस्थेचा आहे. क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या ठरावीक संख्येच्या विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकण्याच्या काळापुरती ३ टक्के व्याज सवलत असते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेला प्रवेश यात बसत नाही. संस्थांची यादी दरवर्षी बदलते, म्हणून प्रवेश अर्ज भरतानाच आपले महाविद्यालय तिच्यात आहे का ते तपासावे. महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय महामंडळांच्याही व्याज परताव्याच्या योजना आहेत. जिल्हा कार्यालयात जाऊन आपला अभ्यासक्रम त्यांच्या यादीत आहे का एवढे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत तो पैसा वहीत धरू नये.

मंजुरीपत्र हातात आले की घाईत सही करू नये, घरी आणून सावकाश वाचावे. व्याजदर रेपोला, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्याला, जोडलेला बदलता आहे की स्थिर, रेपोवर बँकेने किती टक्के लावले आहेत, शिकण्याच्या काळात व्याज सरळ आहे की दरमहा मुद्दलात मिळवले जाणार, प्रक्रिया शुल्क किती, आणि विम्याचा हप्ता कर्जाच्या रकमेतच गुपचूप जोडला आहे का, या पाच गोष्टींखाली पेन्सिलीने खूण करावी. विमा चांगला असू शकतो, पण त्याची रक्कमही व्याजाने फेडावी लागते आणि तो घ्यायचा की नाही हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. बिगर-बँकिंग वित्तसंस्था कर्ज लवकर देतात, पण अनेकदा दर चढा असतो आणि शिकत असतानाच हप्त्याचा काही भाग भरावा लागतो. सार्वजनिक बँकेच्या दोन शाखांत नकार मिळाल्याशिवाय तिकडे वळू नये, आणि नकार लेखी मागावा.

करसवलतीची गोष्ट थोडक्यात. आयकरात ८०ई म्हणून ओळखली जाणारी तरतूद शैक्षणिक कर्जाच्या फक्त व्याजावर, आठ वर्षे आणि जुन्या करप्रणालीतच वजावट देते. राज्यशास्त्राच्या नव्या पदवीधराचे उत्पन्न मुळात करपात्र होण्याचीच शक्यता कमी असते, त्यामुळे या सवलतीसाठी कर्ज वाढवण्यात काही अर्थ नाही.

स्पर्धा परीक्षेची वर्षे खर्चात धरा

मोठी रक्कम जाते ती इथे. पुण्यात सदाशिव पेठ, शनिवार पेठ, नवी पेठ या भागांत अभ्यासिकेची खुर्ची, कॉट बेसिसवरची खोली, मेस, चहा-नाश्ता, झेरॉक्स आणि टेस्ट सिरीज असा जो संसार मांडला जातो, त्याला महिना १०,००० रुपये धरू. चार वर्षांचे ४ लाख ८० हजार झाले. एखादा क्लास लावला तर त्याचे लाखभर वेगळे. त्याच काळात १५,००० रुपयांची नोकरी केली असती तर ७ लाख २० हजार मिळाले असते, तेही न मिळालेले पैसे म्हणून लिहावेत. एकूण १३ लाख. ज्या घरात बी.ए.साठी ५०,००० चे कर्ज काढायलाही लोक कचरले असते, त्याच घरातून हे १३ लाख कोणाच्याही लक्षात न येता जातात, कारण ते महिन्याला दहा-दहा हजारांनी फोन-पेवरून जातात.

ही रक्कम कुठून आली तेही लिहावे. सोनेतारणावर २ लाख घेतले आणि दर दहा टक्के असेल, तर दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी २०,००० रुपये फक्त व्याजाचे भरावे लागतात आणि मुद्दल जागचे हलत नाही. पीककर्ज मुलाच्या खर्चाला वापरले तर पुढच्या पेरणीला खत-बियाण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागते, तेव्हा ते व्याजही मुलाच्या खात्यातच धरले पाहिजे. वडील हे बोलून दाखवत नाहीत. म्हणून मुलाने किंवा मुलीने स्वतःच वही घेऊन बसावे आणि विचारावे की माझ्यासाठी आजवर किती काढले, कुठून काढले आणि कोणत्या दराने. हा प्रश्न विचारणे अवघड आहे, पण तो विचारणारा विद्यार्थी पुढची दोन वर्षे निराळ्या गांभीर्याने अभ्यास करतो हे मी पाहिले आहे.

शक्यतेचे आकडेही वहीत असावेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केला, ५,८३,२१३ जण पूर्वपरीक्षेला बसले आणि अखेर १,००९ जणांची शिफारस झाली. राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय मुख्य परीक्षेत ५०० गुणांचा असतो, आणि २०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाल्यामुळे तिथेही वैकल्पिक विषय आला आहे. पदवीला हाच विषय असल्याचा फायदा होतो, यात शंका नाही. पण तो केवळ आपलाच फायदा आहे असे मानू नये. २०२४ च्या परीक्षेत देशात पहिल्या आलेल्या उमेदवाराने हाच वैकल्पिक विषय घेतला होता आणि तिची पदवी जैवरसायनशास्त्राची होती.

या काळाला मर्यादा कशी घालावी? खुल्या प्रवर्गाला केंद्राच्या परीक्षेत सहा संधी आणि ३२ वर्षांपर्यंत वय मिळते, राज्याच्या परीक्षेत वयोमर्यादा ३८ आहे. आयोगाने दिलेली ही बाहेरची मर्यादा आहे. घरची मर्यादा पैशाने ठरवावी. तयारी सुरू करण्यापूर्वीच आईवडिलांबरोबर बसून एक रक्कम ठरवावी, समजा ३ लाख, आणि ती संपली की पुढची तयारी नोकरी करत करावी असा शब्द द्यावा. वर्षे ठरवली की 'आणखी एक प्रयत्न' म्हणून ती वाढत जातात. रकमेचे तसे होत नाही, कारण ती संपल्याचे सगळ्यांना दिसते.

खर्च कमी करण्याचे खरे मार्ग शासनाच्याच संस्थांत आहेत. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी पुण्याची सारथी आणि इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती या संस्था चाचणी घेऊन मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. मुंबईच्या राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्थेत आणि कोल्हापूर, नागपूर, नाशिक अशा ठिकाणच्या केंद्रांत प्रवेश परीक्षेतून जागा मिळते. पुण्याला खोली घेण्याच्या आधी या सगळ्या चाचण्या द्याव्यात. जो या चाचण्यांत निवडला जातो त्याचा खर्च वाचतो, आणि जो वारंवार निवडला जात नाही त्याला आपली तयारी कुठे आहे हे लाखभर रुपये जाण्याआधी समजते.

परदेशी शिक्षणाचा विचार असेल तर

ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या एम.ए.साठी ३० लाख रुपये ११ टक्क्यांनी घेतले असे धरा. वर्षभर अभ्यास आणि त्यानंतर वर्षभर हप्त्यातून सूट, अशी दोन वर्षे सरळव्याजाने रक्कम ३६ लाख ६० हजार होते आणि पंधरा वर्षांसाठी हप्ता महिना ४१,६०० रुपये बसतो. भारतात परतून नियमित सहायक प्राध्यापक झालात तरी आरंभीचे मूळ वेतन ५७,७०० आहे, हे वर आलेच आहे. म्हणजे हे कर्ज पौंडात पगार मिळाला तरच फिटते, आणि तिथे पदवीनंतर काम शोधायला मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षावर येणार आहे. अमेरिकेत राज्यशास्त्र हा विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसत नसल्यामुळे पदवीनंतर बारा महिनेच काम करता येते, संगणकशास्त्राच्या मुलांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ मिळत नाही. कॉलेज स्कोअरकार्डवरचे आकडे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ते अमेरिकी सरकारची आर्थिक मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचे असतात, तुमच्यासारख्या व्हिसावरच्या विद्यार्थ्यांचे नसतात.

म्हणून कर्ज काढून राज्यशास्त्राची परदेशी पदव्युत्तर पदवी घेऊ नये, असे मी स्पष्टपणे सांगेन. मार्ग दुसरे आहेत. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्कमाफी आणि विद्यावेतन दोन्ही मिळतात, तेव्हा इथे एम.ए. आणि एखादा चांगला शोधनिबंध करून थेट पीएच.डी.ला अर्ज करणे जास्त शहाणपणाचे. ब्रिटनसाठी चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ, युरोपसाठी इरास्मस मुंडस या शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी ७५ जणांना मिळते. जर्मनीत बहुतेक राज्यांच्या सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ते सत्राला १,५०० युरो आहे. राहण्याच्या खर्चासाठी मात्र वर्षाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात दाखवावे लागतात.

हप्ता सुरू झाला आणि नोकरी नाही

असे झाले तर लपून बसू नये. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक, म्हणजे थकीत (एनपीए), ठरते आणि त्यानंतर बँकेची भाषाही बदलते आणि पर्यायही कमी होतात. पहिला हप्ता भरता येणार नाही असे दिसताच, तो चुकण्याआधीच, शाखा व्यवस्थापकांच्या नावे अर्ज लिहावा. आदर्श योजनेत बेरोजगारीच्या किंवा तुटपुंज्या रोजगाराच्या काळासाठी एका वेळी सहा महिन्यांपर्यंत, आणि कर्जाच्या संपूर्ण मुदतीत दोन-तीन वेळा, हप्ता पुढे ढकलण्याची तरतूद आहे. सुरुवातीला लहान आणि पगार वाढेल तसा मोठा होत जाणारा हप्ता मागता येतो. तासिका तत्त्वावर काम करत असाल तर नेमणुकीचे पत्र आणि मागच्या वर्षी मानधन कोणत्या तारखांना जमा झाले ते दाखवणारे पासबुकाचे पान जोडून अशा हप्त्याची विनंती करावी. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घ्यावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा कारण न देता नकार आला, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेत संकेतस्थळावरून विनाशुल्क तक्रार नोंदवता येते, आणि त्या तक्रारीला जोडायला शिक्क्याची तीच प्रत लागते.